घरातल्या घरात, जवळजवळ फुकट: लहान मुलांच्या खेळांचे अनुभव

बाहेर पडायची सोय नाही, पोर कंटाळलंय, विकतची खेळणी कोपऱ्यात धूळ खात पडलीत आणि कोणीतरी पायाला मिठी मारून भोकाड पसरलंय. ही अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हा धागा. घरातल्याच वस्तू घेऊन, खर्च न करता, एक ते सहा वर्षांच्या मुलांना काय खेळायला देता येतं? करून पाहिलेलंच लिहा. याद्या ढिगानं मिळतात. मूल त्या वस्तूचं नेमकं काय करत होतं, तुम्ही तेव्हा कुठे होतात, काय फसलं, हे वाचायला आवडेल. आणि मुलाचं वय विसरू नका.

सुरुवात मी करते. मुलगा सव्वा वर्षाचा. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा त्याला देऊन टाकलाय. आत प्लॅस्टिकचे डबे, झाकणं, गाळणं, लाकडी चमचे. काच नाही, धार नाही. परवा मोठ्या डब्याचं झाकण लहान डब्यावर बसवायची खटपट चालली होती. झाकण निसटलं, फरशीवर गरगर फिरलं आणि खणखणत आडवं झालं. तो थबकला. डबा राहिला बाजूला. झाकण उभं धरायचं, सोडायचं, फिरताना मान तिरकी करून बघायचं आणि आवाज थांबायच्या आत त्यावर हात मारायचा. 'अरे, हे असं लावायचं' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. माझं चिरणं, फोडणी सगळं उरकलं तरी स्वारी तिथेच.

*

बाबा, मुलगी साडेतीन वर्षांची.

पुठ्ठ्याचं खोकं. हे सगळ्यांनाच माहीत आहे म्हणून सांगायचं टाळत होतो, पण अमेरिकेतल्या 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम'मध्ये २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ साली चक्क काठीला मानाची जागा मिळालीय, तेव्हा मी का लाजू?

आमच्याकडे मोठं यंत्र आलं त्याचं खोकं होतं. मी हौसेनं दार कापलं, खिडकी कापली, वर कौलंबिलं रंगवायचा बेत होता. बाईसाहेबांना घर नकोच होतं. मी एका बाजूला चुकून आडवी चीर पाडली होती, तिला ती चीर हवी होती. त्यातून मोजे टाकायचे, मग आत शिरून ते गोळा करायचे आणि बाहेर आणून 'तुमचं पत्र आलंय' म्हणत घरभर वाटायचे. माझ्या वाट्याला रोज बिनजोडीचा मोजा येतो.

सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंतानं १९७१ मध्ये 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली होती. ज्या गोष्टी हलवता, जोडता, मोडता येतात त्यांच्यात मुलांना जास्त करण्यासारखं सापडतं, असा त्याचा साधारण रोख. खोक्याच्या बाबतीत तरी शंभर टक्के पटतं. एक सूचना: स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टीचे लोंबते तुकडे आधी काढून टाका.

*

मी पाळणाघर चालवते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो पिठाचा गोळा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी, एक मोठा चमचा तेल. सगळं पातेल्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी वाटतं बिघडलं, नुसतीच खळ झालीय. मग एकदम कडा सोडून गोळा होतो. उतरवून कोमट झाला की तेलाच्या हातानं मळायचा. हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकतो. आमटीसारखा वास यायला लागला किंवा चिकट झाला की टाकून द्या, त्यात जीव अडकवू नका. शिजवण्याचा फायदा असा की पोत मऊ राहतो आणि कच्च्या पिठातल्या जंतूंची काळजी मिटते. मीठ भरपूर असल्यामुळे एखादं चाटून बघतं आणि तोंड वाकडं करतं, तेवढं चालतं. पण लचके तोडून खाणारं मूल असेल तर हा खेळ अजून त्याचा नाही. घरात कुत्रा असेल तर डबा वर ठेवा, एवढं मीठ त्याला बाधतं.

आता महत्त्वाचं. साचे पहिल्या दिवशी देऊ नका. साचे दिले की सगळी चांदण्या आणि मासेच पाडत बसतात आणि थोड्या वेळात उठतात. नुसता गोळा दिला की दोन वर्षांचं मूल आधी बोटानं खड्डा पाडतं, मग तळव्यानं थापतं. अडीच-तीनला लांब वळी वळायला लागतात आणि वळी आली की साप येतो, सापाच्या मागे गोष्ट येते. आमच्याकडच्या एका तीन वर्षांच्या मुलीनं परवा बारीक बारीक गोळ्या केल्या आणि एकेक करून सगळ्यांच्या तळहातावर ठेवल्या. 'औषध आहे, रडायचं नाही.' दुसऱ्या दिवशी तिला लस होती म्हणे.

जाता जाता, बाजारात मिळणारा प्ले-डो आधी भिंतीवरचे कागद साफ करायचा लगदा म्हणून विकला जायचा. खेळणं म्हणून तो १९५६ च्या सुमारास आला.

*

अर्धशिशीवाल्या आयांनो, इकडे या.

जुन्या टीशर्टच्या पाठीवर मार्करनं रस्ते काढा. वळणं, पूल, एक गोल चौक. टीशर्ट घाला आणि पालथ्या झोपा. मुलगा (४ वर्षं) गाड्या फिरवतो, मला फुकटात पाठ चोळून मिळते. वाहतूक कोंडी खांद्यापाशी झाली तर उत्तम.

दुसरा खेळ 'तू डॉक्टर, मी पेशंट'. पेशंटनं डोळे मिटून पडायचं असतं. यापेक्षा जास्त अनुभव नाही, झोप लागली होती. (घरात दुसरं मोठं माणूस होतं, ओरडू नका.)

*

आजोबांची भर. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मुलांमागे धावणं होत नाही. नातू अडीच वर्षांचा.

एक रुंद ब्रश आणि तळाशी थोडं पाणी असलेला मग. त्याला सांगितलं, गच्ची रंगवून दे. ओल्या फटकाऱ्यानं फरशी काळपट होते, त्याला तो रंगच वाटतो. उन्हात बघता बघता वाळतं. पहिल्यांदा माझ्याकडे तक्रार आली, 'आबा, पुसलं कोणी?' मी म्हटलं, ऊन पुसतंय. मग तो सावलीत रंगवायला गेला, तिथे जास्त टिकलं. पुन्हा उन्हात आला. मी खुर्चीतून हललो नाही आणि काही समजावलंही नाही. त्याची आई हे ऐकून 'बाष्पीभवन शिकवलंत' म्हणाली. शिकवलं कसलं, मी पेपर वाचत होतो.

बादली, टब किंवा घंगाळ भरून देऊ नका. चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि आवाजही होत नाही. पाण्याच्या खेळात पेपर वाचायचा तो मगभर पाण्यापुरताच. त्याहून जास्त पाणी असेल तर पेपर खाली ठेवायचा आणि हात पोचेल इतकं जवळ बसायचं, खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकायचं.

*

थोडा विरोधी सूर लावतो. जेवढा पसारा तेवढा चांगला खेळ, असं काही नसतं.

माझ्या मुलाला (आता ५) हाताला काही चिकटलेलं अजिबात खपत नाही. गोळा, माती, बोटानं रंगवणं, सगळ्याला नकार. आम्हाला लोक म्हणायचे, घालू दे हात, होईल सवय. जबरदस्ती केली की तो खोली सोडून जायचा. त्याच्यासाठी जाड, झिपवाली पारदर्शक पिशवी घेतली. आत दोन रंगांचे थोडे थोडे थेंब, हवा काढून बंद, तोंडावर आणि कडांना चिकटपट्टी, आणि पिशवी टेबलावर चिकटवली. वरून बोट दाबलं की रंग मिसळतात, हात कोरडा. त्यात तो तासभर रमला. आता त्याला धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, चमचे लहानमोठे मांडणं, बटणं रंगांप्रमाणे वेगळी करणं हे फार आवडतं. बटणं त्याच्या वयाला ठीक, धाकट्यांच्या घरात नको.

*

वरच्यांना +१, आणि बटणांचा विषय निघालाच आहे तर. मी परिचारिका आहे, म्हणून हे जरा कडक आवाजात.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बारीक वस्तू मोजायचं एक प्रमाणित नळकांडं असतं, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. त्यात पूर्ण मावणारी वस्तू त्या वयात घशात अडकू शकते असं धरतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती थोडी रुंदच असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. डाळी, राजमा, मणी, खडे यांचे 'सेन्सरी' (हात घालून चाचपडत खेळायचे) डबे फोटोत छान दिसतात, पण ते दाणे नाकात आणि कानात जातात. न फुगवलेले फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला. सगळ्यात वाईट म्हणजे बटण सेल, बटणासारखी चपटी छोटी बॅटरी. रिमोट, गाणारी ग्रीटिंग, छोटे टॉर्च, सगळ्यांची झाकणं तपासा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

*

माझ्या मुलीला खूप कमी दिसतं. वय तीन. तिच्यासाठी खेळ शोधताना रंगीबेरंगी सगळं बाद होतं, आणि मग लक्षात येतं की घर किती वाजतं.

एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंची 'ट्रेझर बास्केट' ही कल्पना आहे. मुळात बसायला लागलेल्या पण अजून न चालणाऱ्या बाळांसाठी. एका ठेंगण्या टोपलीत प्लॅस्टिक सोडून वेगवेगळ्या पोताच्या घरगुती वस्तू: लाकडी चमचा, धातूची वाटी, लोकरीचा गोंडा, चामड्याचं पाकीट, नारळाची काथ्याची घासणी. मोठ्या माणसानं जवळ बसायचं आणि गप्प बसायचं. आम्ही ती मोठ्या वयात वापरली. लेक प्रत्येक वस्तू आधी गालाला लावते, मग फरशीवर आपटते. धातूची वाटी पालथी आपटली की वेगळी वाजते आणि उताणी वेगळी, हे तिनं मला दाखवलं. आता मी दारामागून काहीतरी आपटते आणि ती ओळखते. 'वाटी. उलटी.'

*

फार काही करत नाही. खेळणी निम्मी लपवते.

२०१८ मध्ये छापलेला एक छोटा अभ्यास आहे, दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचा. समोर ४ खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली, १६ असताना कमी. आमच्या जुळ्यांच्या बाबतीत तंतोतंत. पेटी माळ्यावर, अधूनमधून अदलाबदल. परत आलेलं जुनं खेळणं म्हणजे जणू माहेरवाशीण.

*

उड्या मारणाऱ्या गटासाठी: जमिनीवर कागदी चिकटपट्टीच्या रेषा. सरळ, नागमोडी, तुटक. पायाच्या टाचा-बोटं जोडून चालायचं, मागे चालायचं, बेडूक होऊन यायचं. मोज्यांचे गुंडाळे बादलीत टाकायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. आकडा दांडगा वाटतो, पण सोफ्यावरून उशीवर, उशीवरून गादीवर हे धरलं तर आमचा मुलगा दुपारीच कोटा संपवतो. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर गादी घ्याच. पट्टी आठवडाभर तशीच ठेवू नका, निघता निघत नाही.

*

एक प्रश्न विचारू का? थोरली पाच वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा. ती ठोकळ्यांचा मनोरा रचते, हा रांगत येतो आणि एका फटक्यात जमीनदोस्त. मग रडारड, दोघांचीही. त्याला प्लेपेनमध्ये (दांड्यांच्या कुंपणात) ठेवलं तर तो दांडे हलवत किंचाळतो.

*

उलटं करा, प्लेपेनमध्ये थोरलीला बसवा. ठोकळ्यांसकट. आमच्याकडे हाच तोडगा चालला, 'माझं ऑफिस' म्हणून ती स्वतःहून आत जायची. आणि धाकट्याला पाडायलाच आवडतंय तर त्याला पाडण्यासाठी वेगळे मनोरे द्या, रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांचे. रचायचं काम तुमचं. दोन-तीन डबे पुरतात, तेवढ्यात तो खूश असतो.