मदत हवी आहे: वेगेनर यांचं गृहीतक सिद्धांत नेमकं कधी झालं?

मंडळी, नववीतल्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी खंडवहन हा विषय घेतलाय. तक्त्यावर तिने पायऱ्या काढल्यात: आधी गृहीतक, पुरावे मिळाले की सिद्धांत, अगदी पक्का झाला की नियम. मला हे पटत नाही, पण तिला समजावता येत नाहीये.

शेवटच्या पायरीचं उत्तर माझ्याकडे आहे. बॉइलचा नियम वायूचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगतो. ते तसं का, हे वायूंचा गतिज सिद्धांत सांगतो. दोघांची कामंच वेगळी.

अडतं ते पहिल्या पायरीवर. 1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा पुरावे होतेच की! ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत आणि भारतातही सापडतात, अगदी नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतसुद्धा. तरी बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते मानलं नाही, कारण खंड सरकवायला वेगेनर यांनी सुचवलेली बलं फारच तोकडी होती. ते 1930 मध्ये ग्रीनलंडमध्ये वारले, आणि मान्यता मिळाली 1960 च्या दशकात. मधे काय बदललं? पुरावे वाढले, एवढंच?

प्रतिसाद

नाही, मांडणीच बदलली. वेगेनर यांच्या मते खंड सागरतळातून वाट काढत जातात. 1960 च्या दशकात मान्य झालेल्या प्लेट टेक्टॉनिक्स या सिद्धांतात खंड आणि सागरतळ दोन्ही भूपट्टांचेच (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या मोठ्या तुकड्यांचेच) भाग, ते सोबत सरकतात.

भाचीला 1963 चं उदाहरण द्या, मला ते फार आवडतं. हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग कटकावरच्या (कटक म्हणजे सागरतळावरची डोंगररांग) चुंबकीय मोजणीवरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी मांडलं, की सागरतळ कटकापासून दोन्हीकडे पसरत असेल, तर पृथ्वीचं चुंबकत्व जेव्हा जेव्हा उलटलं त्याचे पट्टे खडकांत उमटलेले असणार. म्हणजे ते कटकाच्या दोन्ही अंगांना सारखेच दिसायला हवेत. हे गृहीतक. पट्टे तसे नसते, तर ते तिथेच कोसळलं असतं. पुढच्या मोजण्यांत ते तसेच दिसले.

अशी तावून सुलाखून निघालेली कितीतरी गृहीतकं आणि निरीक्षणं ज्या एका स्पष्टीकरणात बसतात, तो सिद्धांत. भूकंपांचे पट्टे, ज्वालामुखींच्या रांगा, हिमालयाचं उंचावणं हे सगळं प्लेट टेक्टॉनिक्समध्ये बसतं. शिवाय त्यातून नवी गृहीतकंही निघतात, म्हणून तक्त्यावर पायऱ्यांऐवजी मधोमध सिद्धांत, भोवती गृहीतकं आणि दोन्ही दिशांना बाण काढायला सांगा.