शब्दचर्चा : म्हातारपण ‘लांबले’ म्हणजे नेमके काय झाले?

अकरावीच्या मुलांसाठी सूत्रकृमींवर, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमींवर, लिहिते आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांच्या गटाला दिसले, की ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बदल झालेले कृमी दुपटीहून जास्त जगतात. मी लिहिले, ‘आयुर्मान दुप्पट झाले, म्हातारपण लांबले.’ आयुर्मान की आयुर्मर्यादा? आणि डॅफ-२ला ‘दीर्घायुष्याचे जनुक’ म्हणावे का?

—

ताई, आयुर्मानच. पर्जन्यमान, तापमान यांतले ‘मान’ म्हणजे माप. आयुर्मान पुष्कळांचे मिळून सरासरीने काढतात. आयुर्मर्यादा म्हणजे त्या जातीतला सर्वांत दीर्घायुषी जीव गाठतो ती शीव.

‘दीर्घायुष्याचे जनुक’ मात्र कृपया नको, मुलांची उलटी समजूत होईल. डॅफ-२ मंदावले तरच आयुष्य वाढते. गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले, की त्यापासून बनणारे प्रथिन आपल्या इन्सुलिन-ग्राहीच्या (इन्सुलिनचा निरोप पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या) नात्यातले आहे. ‘खायला भरपूर आहे, वाढा’ हा निरोप ते पेशीत पोचवते. निरोप क्षीण झाला की डॅफ-१६ या दुसऱ्या जनुकाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि ताण सोसायला मदत करणारी जनुके कामाला लावते. डॅफ-१६ निकामी केले तर मिळालेले जादा आयुष्यही जाते. ‘आयुष्य वाढवणारे’ हे विशेषण द्यायचेच तर डॅफ-१६ला द्या.

—

‘डॅफ’ मधले ‘डॅ’ जर्मन ‘दाउअर’चे, म्हणजे टिकून राहणे. अन्न संपले, गर्दी झाली की कोवळी अळी ‘दाउअर’ अवस्थेत जाते आणि काही न खाता महिनोन्महिने राहते. ‘सुप्त अळी’ मला पटत नाही. स्पर्श केला तर ती चटकन सरकते. ‘तग धरणे’ आपल्याकडे आहेच, मग ‘तगअळी’ का नको?

—

तगअळी घेतला! आता माझीच चूक दिसते आहे. ‘सभा लांबली’ म्हणजे पुढे ढकलली गेली, किंवा फार वेळ चालली. म्हातारपणाचेही तसेच, आणि इथे तर हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध जातात. साधे कृमी मलूल पडतात त्या वयात हे चपळ असतात, म्हणजे अर्थ पहिला. म्हातारपणासाठी संस्कृत ‘जरा’ घेऊन ‘जरा लांबली’ लिहून पाहिले, तर मुले ‘थोडीशी लांबली’ वाचतील. ‘थोडीशी’ या अर्थाचा तो ‘जरा’ अरबी-फारसीतून आलेला, वेगळाच शब्द.

सध्या लिहिले आहे : ‘डॅफ-२ मंदावलेल्या कृमींना म्हातारपण उशिरा येते.’

—

‘कृमींना’च्या आधी ‘प्रौढ’ घाला, ताई. नाहीतर ते तगअळीबद्दल वाटेल.