एकच लन दोन क्लस्टरना द्यायचा का? माझं मत: नाही

महापे_नाईटशिफ्ट
लन म्हणजे स्टोरेज ॲरेतून (डिस्कांच्या मोठ्या पेटीतून) कापून सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेला तुकडा. तो एकच तुकडा दोन क्लस्टरना (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटांना) दाखवायचा का, ह्यावरून आमच्या ऑफिसात सध्या जोरात वाद चालू आहे, इथे मांडतो कारण इन्फ्रामधे काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे हा विषय कधी ना कधी येतोच. महापेच्या डेटा सेंटरमधे आमचे दोन क्लस्टर, एक जुना व्हीएमवेअरचा (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा) आणि दुसरा लिनक्सचा पेसमेकरवाला (पेसमेकर म्हणजे क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) ज्यावर डेटाबेस चालतो, आणि आता तिसरा कुबरनेटीसचा (कंटेनर चालवणारा) उभा राहतोय. स्टोरेज ॲरे मात्र तिघांत मिळून एकच. वरून असं आलंय की प्रत्येक क्लस्टरला वेगळे लन कापून दिले की प्रत्येकात थोडी थोडी जागा पडून राहते, नवीन शेल्फला (ॲरेच्या जादा डिस्कांना) बजेट नाही, तेव्हा मोठे लन करा, सगळ्यांना दाखवा, आणि कोणी कधी माउंट करायचं (डिस्क जोडून वापरायला घ्यायची) ते रनबुकमधे (कामाच्या लेखी सूचनांत) लिहा.

माझा ह्याला ठाम विरोध आहे. लिनक्सची एक्सएफएस घ्या नाहीतर ईएक्सटी४ घ्या, ह्या फाइलसिस्टीम (डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे ते सांभाळणाऱ्या) असं धरूनच चालतात की डिस्कचा मालक मी एकटा. कुठले ब्लॉक रिकामे आहेत ह्याचा हिशोब प्रत्येक होस्ट (डिस्क वापरणारा सर्व्हर) आपापल्या मेमरीत ठेवतो. तोच लन दुसऱ्या होस्टने माउंट केला की दोघं तोच रिकामा ब्लॉक दोन वेगळ्या फाइलींना देऊन टाकतात आणि त्या क्षणी एरर येत नाही, दोन्हीकडे सगळं हिरवं दिसतं, बोंब उठते ती पुढच्या रीबूटला किंवा डिस्क चेक चालवल्यावर, तोपर्यंत बॅकअपमधे पण तोच खराब डेटा जाऊन बसलेला असतो.

आणि "क्लस्टर आहे ना, फेन्सिंग आहे ना" (फेन्सिंग म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला जबरदस्तीने बाजूला काढणं) हे उत्तर इथे लागूच होत नाही. कोरोसिंक (पेसमेकरचा जोडीदार) कोरम म्हणजे बहुमत मोजतो तो स्वतःच्या नोडचा, म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरचा. गडबड झाली तर स्टोनिथ (फेन्सिंगची यंत्रणा) पॉवर कापणार ती आपल्याच यादीतल्या नोडची. शेजारच्या क्लस्टरमधला नोड त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. एकाच फ्लॅटची नोंद दोन वेगळ्या सोसायट्यांच्या रजिस्टरमधे असावी तसं हे, दोन्ही सेक्रेटरी आपापलं रजिस्टर बघून अगदी प्रामाणिकपणे एनओसी देणार.

म्हणून म्हणतो, दोन्ही क्लस्टर ज्याचं ऐकतील असं कुणीतरी मधे बसलेलं असेल तरच शेअर करा, नाहीतर ॲरेवर मास्किंग लावून दुसऱ्याला तो लन दिसूच देऊ नका. रनबुक माणसासाठी असतं, कर्नल ते वाचत नाही. तुमची मतं सांगा, विरोधी असली तरी चालतील.

ठाणेकर_ईएसएक्स
विरोधीच आहे. तुम्ही लिनक्सचा नियम सगळ्यांना लावताय. व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाइलसिस्टीम) अनेक होस्टसाठीच बनवलेली आहे, तिचं लॉक डिस्कवरच लिहिलेलं असतं, प्रत्येक होस्ट त्याच डेटास्टोरवर (व्हीएमएफएस केलेल्या लनवर) आपला हार्टबीट (मी चालू आहे ही खूण) लिहीत राहतो, आणि हे लॉक होस्टच्या पातळीवर असतं, क्लस्टरच्या नाही. होस्ट कुठल्या क्लस्टरमधे आहे ह्याच्याशी त्या लॉकला काही घेणंदेणं नाही. अ क्लस्टरमधे चालू असलेला व्हीएम ब क्लस्टरमधून पॉवर ऑन करायला गेलात तर फाइल लॉक्ड म्हणून सरळ नकार येतो. एका डेटास्टोरला डझनावारी होस्ट जोडता येतात.

आणि गरज कुठे पडते ते पण बघा. जुन्या क्लस्टरवरून नव्यावर मायग्रेशन करताना आम्ही एक ट्रान्सफर लन दोन्हीकडे दाखवतो. व्हीएम त्याच्यावर आणला, बंद केला, जुन्यातून अनरजिस्टर, नव्यात रजिस्टर, झालं. शेअर्ड स्टोरेजशिवाय लाइव्ह मायग्रेशन २०१२ पासून, म्हणजे व्हीएमवेअरच्या ५.१ आवृत्तीपासून करता येतं हे मान्य, पण तेव्हा सगळा डेटा नेटवर्कवरून कॉपी होतो आणि मोठा डेटाबेस व्हीएम असला की ती रात्र त्यातच जाते. तुमचा "नाही" सरसकट आहे, तो मला पटत नाही.

महापे_नाईटशिफ्ट
@ठाणेकर_ईएसएक्स व्हीएमएफएसचं मान्य, तिथे निवाडा डिस्कवरच होतो, म्हणजे माझी अट पूर्ण होते. पण करप्शन नाही झालं म्हणजे सगळं आलबेल असं नाही ना. स्टोरेज आय-ओ कंट्रोल आणि स्टोरेज डीआरएस (स्टोरेजचा लोड वाटून देणाऱ्या व्हीएमवेअरच्या सोयी) हे धरून चालतात की त्या डेटास्टोरचे सगळे होस्ट एकाच व्हीसेंटरखाली (मॅनेजमेंट सर्व्हरखाली) आहेत. दोन क्लस्टर दोन व्हीसेंटरखाली असले की एकाला दुसऱ्याचा लोड कळतच नाही, मग बाहेरचा वर्कलोड सापडला म्हणून अलर्ट येत राहतो आणि लोक तो अलर्टच बंद करून टाकतात. आमच्याकडे मार्केट बंद झाल्यावर ईओडीचं (दिवसअखेरीचं) बॅच सुरू होतं, तेव्हा त्याच लनवरच्या दुसऱ्या क्लस्टरच्या व्हीएमची लेटन्सी (डिस्ककडून उत्तर यायला लागणारा वेळ) वर जाणार आणि ती टीम अर्धा दिवस स्वतःच्याच होस्टवर कारण शोधत बसणार.

रबाळे_ऑन_कॉल
थोडं वेगळं बोलतो. ईएक्सटी४ ला मल्टिपल माउंट प्रोटेक्शन आहे, तो ऑन केला की दुसरा होस्ट माउंटच करू शकत नाही. आणि कुबरनेटीसमधे रीड-राइट-वन्स म्हणून ॲक्सेस मोड आहेच, व्हॉल्यूम एका वेळी एकाच नोडला लागतो. सेफवर (अनेक सर्व्हरवर पसरलेल्या स्टोरेजवर) असाल तर आरबीडीचं (सेफमधल्या ब्लॉक डिस्कचं) एक्सक्लुझिव्ह लॉक पण आहे. एवढी सगळी कुलुपं असताना लनच दाखवू नका हा आग्रह मला जरा जुनाट वाटतो, कॅपॅसिटीचा प्रश्न खरा आहे, पैसे झाडाला लागत नाहीत.

कंटेनरवाली
@रबाळे_ऑन_कॉल दादा, ह्यातल्या कुलुपांबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज आहे म्हणून सविस्तर लिहिते, रोज हेच काम करते.

रीड-राइट-वन्स हे नोडच्या पातळीवर आहे, एकाच नोडवरचे दोन पॉड (कंटेनरचे गट) आरामात एकाच व्हॉल्यूमवर लिहू शकतात. म्हणून तर रीड-राइट-वन्स-पॉड हा वेगळा मोड काढावा लागला, तो कुबरनेटीस १.२९ मधे, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात स्टेबल झाला. पण तुमच्या प्रश्नात मुख्य गोष्ट वेगळीच आहे. व्हॉल्यूम कुठे जोडलाय ह्याची नोंद त्या क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरमधे असते. दुसऱ्या कुबरनेटीस क्लस्टरमधे कोणी हाताने पीव्ही (व्हॉल्यूमची नोंद) बनवून त्याच लनकडे बोट दाखवलं तर पहिल्याला ते कळायचा काहीच मार्ग नाही, दोन्हीकडे रीड-राइट-वन्स लिहिलेलं असणार आणि दोन्हीकडे माउंट होणार. त्यात एकीकडे रिक्लेम पॉलिसी (वापर संपल्यावर व्हॉल्यूमचं काय करायचं तो नियम) डिलीट असली तर त्या टीमने आपला पीव्हीसी (व्हॉल्यूमची मागणी) उडवला की ड्रायव्हर खरा व्हॉल्यूमच पुसून टाकतो, दुसऱ्या क्लस्टरचा चालू डेटाबेस असला तरी.

आरबीडीचं एक्सक्लुझिव्ह लॉक नाव ऐकून वाटतं तसं नाहीये. डिफॉल्टमधे दुसऱ्या क्लायंटने लिहायला मागितलं की पहिला क्लायंट लॉक सोडून देतो आणि ते इकडून तिकडे फिरत राहतं. एका क्षणी एकच लिहिणारा एवढीच त्याची हमी. वर ईएक्सटी४ दोन्हीकडे माउंट असेल तर ते लॉक वाचवत नाही. मॅप करताना एक्सक्लुझिव्ह हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, तेव्हाच ही आपोआप अदलाबदल थांबते.

माझं मत महापेवाल्यांच्याही पुढचं आहे, ब्लॉक शेअर करायचा विषयच बंद करा. दोन क्लस्टरना एकच डेटा लागतोय ना, मग एनएफएस (नेटवर्कवरून फाइली शेअर करणारं) द्या नाहीतर ऑब्जेक्ट स्टोरेज द्या. तिथे डेटाचा हिशोब सर्व्हरकडे असतो, एनएफएसमधे लॉक पण तोच सांभाळतो, क्लायंट कुठल्या क्लस्टरचा ह्याने फरक पडत नाही.

महापे_नाईटशिफ्ट
@कंटेनरवाली ताई, पीव्हीचा मुद्दा मी उद्याच टीमला दाखवतो, अगदी हेच आमच्याकडे होऊ शकतं. @रबाळे_ऑन_कॉल ते माउंट प्रोटेक्शन डिफॉल्टला बंद असतं आणि आमचा डेटाबेस एक्सएफएसवर आहे, त्यात तसं काही नाहीच.

जुना_सॅनवाला
फायबर चॅनलवर (स्टोरेजच्या नेटवर्कवर, म्हणजे सॅनवर) आयुष्य गेलंय, म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे लॉकवर भांडताय, पण बहुतेक घोळ लॉकपर्यंत पोचायच्या आधीच होतात. झोनिंग (कोण कोणाशी बोलणार) स्विचवर, मास्किंग (लन कोणाला दिसणार) ॲरेवर, आणि दोन्हीकडे ओळख कशाची तर डब्ल्यूडब्ल्यूएन ह्या नंबरची. हा नंबर एचबीए कार्डाचा (सर्व्हरला सॅनशी जोडणाऱ्या कार्डाचा) असतो, सर्व्हरचा नाही. जुना सर्व्हर रिटायर केला, कार्ड चांगलं आहे म्हणून काढून दुसऱ्या सर्व्हरमधे लावलं, की त्या कार्डाबरोबर जुने सगळे लन त्या नव्या सर्व्हरला दिसायला लागतात. कोणीही कुठलीही परवानगी दिलेली नसते. ॲरेवरच्या होस्ट ग्रुपमधून जुना नंबर काढायचा राहून गेलेला असतो, एवढंच. तो सर्व्हर विंडोजचा असला आणि पुढच्याने डिस्क मॅनेजमेंट उघडून "ही डिस्क इनिशियलाइझ करू का" ह्याला हो म्हटलं, की खेळ खलास.

तेव्हा लन कोणाला दिसतोय ही यादी महिन्याला एकदा तरी डोळ्यांखालून घाला. आणि लिनक्स क्लस्टरला स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (कोण लिहू शकतं हे ॲरेनेच ठरवायची सोय) लावा. प्रत्येक नोड ॲरेकडे आपली की रजिस्टर करतो, राइट एक्सक्लुझिव्ह रजिस्ट्रंट्स ओन्ली असं रिझर्व्हेशन घेतलं की ज्याची की नाही त्याचं राइट ॲरेच परत पाठवतो, रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट म्हणून. तो नोड कुठल्या क्लस्टरचा, त्याला फेन्सिंग माहीत आहे की नाही, काही फरक पडत नाही. दोन क्लस्टरमधे खरा निवाडा करायचा तर तो असा.

कुर्लाकर_इन्फ्रा
सरांचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे पण मला ह्या सगळ्या विचाराचीच भीती वाटते. सगळा निवाडा ॲरेकडे, सगळी यादी ॲरेकडे, एनएफएस केलं तर सगळं त्या एका फाइलरकडे (एनएफएसच्या सर्व्हरकडे). आणि ते पोचेनासं झालं तर? २४ फेब्रुवारी २०२१ आठवा. एनएसईचं ट्रेडिंग ११:४० ला थांबलं ते ३:४५ ला सुरू झालं, त्या दिवशी बाजार ५ पर्यंत चालवावा लागला. त्यांनीच नंतर जे सांगितलं त्यात टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या आणि त्यानंतर प्रायमरी सॅन होस्ट सर्व्हरना मिळेनासं झालं असं होतं, रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम गेली म्हणून ट्रेडिंग थांबवावं लागलं. लिंक दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या असूनसुद्धा. बीकेसी-कुर्ला पट्ट्यात रस्ते सतत खोदलेले असतात हे आपण रोज बघतो. सगळे क्लस्टर एका स्टोरेजला बांधले की एक बिघाड सगळ्यांना एकदम खाली आणतो. मी तर म्हणतो प्रत्येक क्लस्टरला स्वतःच्या लोकल डिस्क द्या आणि डेटाबेसचं रेप्लिकेशन डेटाबेसलाच करू द्या.

जुना_सॅनवाला
@कुर्लाकर_इन्फ्रा उदाहरण चांगलं दिलंत पण निष्कर्ष पटत नाही. तिथे दुखणं स्टोरेज शेअर करण्याचं नव्हतं, लिंक गेल्यावर कुठली बाजू चालू राहणार हा निर्णय सिस्टीमने कसा घेतला त्याचं होतं. दोन साइटवर सिंक्रोनस कॉपी (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच राइट पूर्ण धरणारी) असली की हा प्रश्न येतोच, लोकल डिस्कवर डेटाबेस रेप्लिकेशन केलंत तरी येतो, फक्त एक मजला वर सरकतो. म्हणून विटनेस (कुठली बाजू चालू राहणार ते ठरवणारा पंच) तिसऱ्या जागी ठेवायचा, दोन्ही साइटपासून वेगळ्या वाटेने. आणि अंतराचं भान ठेवायचं. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. बीकेसी ते महापे हे जाऊन-येऊन अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत बसतं, चेन्नईला तेच १० मिलिसेकंदांच्या वर जातं, म्हणून तिथे असिंक्रोनसच करावं लागतं.

कुर्लाकर_इन्फ्रा
विटनेस तिसऱ्या जागी ठेवायला तिसरी जागा लागते सर. मध्यम कंपनीकडे दोन असतात तेच पुष्कळ. मी माझ्या मतावर आहे, शेअर्ड स्टोरेज ज्यांना नीट चालवायला माणसं आहेत त्यांनीच घ्यावं.

ठाणेकर_ईएसएक्स
आणि जागा वाया जाण्याचं काय, मूळ मुद्दा तर तोच होता, तो कोणी सोडवलाच नाही. वेगळे लन करा म्हणणं सोपं आहे.

महापे_नाईटशिफ्ट
त्याला लन शेअर करायची गरजच नाही. एका पूलमधून सगळ्या क्लस्टरना थिन लन द्या. पूल शेअर होतो, लन नाही. ज्याने जेवढं लिहिलं तेवढंच जातं, पुसलेली जागा अनमॅपने (मोकळी जागा ॲरेला कळवायच्या कमांडने) परत येते, व्हीएमएफएस ६ मधे ते आपोआप होतं, लिनक्सवर ट्रिमचा टायमर लावावा लागतो.

ठाणेकर_ईएसएक्स
आणि पूल भरला की तिन्ही क्लस्टरचे राइट एकदम फेल. थिनमधे वाटलेली जागा खऱ्या जागेपेक्षा जास्त असते, कोणीतरी रोज त्यावर नजर ठेवायला हवी. म्हणजे शिस्तीवर विसंबू नका म्हणणारे तुम्हीच आता शिस्तीवर आलात.

महापे_नाईटशिफ्ट
रास्त आहे, पण फरक बघा. पूल भरत येतो तेव्हा आधी दिसतं, ७० टक्क्यांना अलर्ट लावता येतो, फेल झालं तरी लिहिलेला डेटा शाबूत राहतो. दोन होस्टनी एकच एक्सएफएस माउंट केलं तर आधी काहीच दिसत नाही आणि नंतर परत आणायला काही उरत नाही. ह्या दोन धोक्यांना मी एका तराजूत घालणार नाही.

मीटिंगमधे मी हे मांडणार: थिन पूल एक, लन वेगळे, पेसमेकरला पर्सिस्टंट रिझर्व्हेशन, कुबरनेटीसला सामायिक डेटा लागला तर एनएफएसवरून, आणि पीव्हीची रिक्लेम पॉलिसी रिटेन, म्हणजे डेटा पुसायचा नाही. व्हीएमवेअरच्या मायग्रेशनसाठी ठाणेकर म्हणतात तसा एक ट्रान्सफर लन, पण तारीख लिहून, काम झालं की काढायचा.

ठाणेकर_ईएसएक्स
ट्रान्सफर लन मान्य केलात, आनंद आहे. तारखेचा आग्रह मला जास्त वाटतो, आमच्याकडे तो कायम असतो आणि काही बिघडलेलं नाही.

जुना_सॅनवाला
तारीख लिहा, मी महापेवाल्यांच्या बाजूने. फक्त काढताना क्रम चुकवू नका. आधी त्यावरचे व्हीएम हलवा, मग दोन्ही क्लस्टरच्या प्रत्येक होस्टवर डेटास्टोर अनमाउंट करा, मग डिव्हाइस डिटॅच करा, आणि सगळ्यात शेवटी ॲरेवरून मास्किंग काढा. आधी ॲरेवरून काढलंत तर होस्ट त्या लनची वाट बघत बसतात, सगळे पाथ डाऊन दाखवतात आणि मॅनेजमेंट सर्व्हिस अडकते, मग दुसऱ्या डेटास्टोरवरचे व्हीएम चालू असूनसुद्धा तुम्हाला त्या होस्टवर काहीच करता येत नाही.