संवेदी की अभिवाही? बेडकाच्या आतड्यांच्या चेतांना काय म्हणावं

खानापूरहून: बारावीतल्या भाचीसाठी बेडकाच्या चेतासंस्थेच्या टिपा मराठीत काढतेय. एका पुस्तकात 'संवेदी चेता' आहे, दुसऱ्यात 'अभिवाही तंत्रिका'. दोन्ही एकच का? तिची कन्नड शाळेतली मैत्रीण सरळ 'नर' म्हणते. आमची आजी तर सगळ्यालाच 'शीर'.

बेळगावहून: ताई, चेता आणि तंत्रिका एकच, इंग्रजीतली 'नर्व्ह'. शाळेच्या पुस्तकांत चेता, विश्वकोशात तंत्रिका. एक धरा आणि तोच ठेवा.

संवेदी-अभिवाहीचं मात्र तसं नाही. 'संवेदी' म्हटलं की जाणीव आलीच. 'अभिवाही' फक्त दिशा सांगतो, इंद्रियाकडून आत. पोटातल्या इंद्रियांना हा फरक फार लागतो. १८६०च्या दशकात गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पोटावर हलके ठोके दिले, तर हृदय थांबलं. आतड्यांकडचा संदेश मेरुरज्जूतून (कण्यातल्या चेतारज्जूतून) मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या मागच्या टोकात, जातो आणि दहाव्या मस्तिष्क चेतेतून, म्हणजे वेगसमधून, हृदयाकडे उतरतो. वेगस कापली की हृदय चालूच राहतं. पण प्रमस्तिष्क, म्हणजे जाणिवेशी जोडला जाणारा मोठा मेंदू, काढलेल्या बेडकाचंही हृदय थांबतं. मग तिथं 'संवेदना' कुणाला झाली? म्हणून मी 'अभिवाही'च लिहीन.

निपाणीहून: सरांशी सहमत, पण एक भर. 'अभिवाही चेता' नको, 'अभिवाही तंतू' म्हणा. वेगस मिश्र आहे. जठराकडची खबर वर नेणारे तंतू तिच्यातच आणि हृदयाला आवरणारेही तिच्यातच. अख्ख्या चेतेला एक विशेषण लावलं की घोटाळा होतो.

मेरुचेतांतून, म्हणजे मेरुरज्जूला जोडलेल्या चेतांतून, येणारे तंतू पृष्ठमूळातून (पाठीकडच्या मुळातून) आत शिरतात. अधरमूळातून (पोटाकडच्या मुळातून) आज्ञा बाहेर पडते. म्यूलरनं हे १८३१ मध्ये बेडकावरच दाखवलं. आमच्या वेळी विच्छेदनात कण्याच्या दोन्ही बाजूंना खडूसारखे पांढरे ठिपके दिसायचे. ते मेरुचेतांच्या गुच्छिकांभोवतीचे (चेतापेशींच्या गाठींभोवतीचे) चुन्याचे साठे. पृष्ठमूळाची जागा मला त्यांच्यावरूनच पाठ झाली.

खानापूरहून: मग 'पोट दुखूलंय' हे आजीचं वाक्य संवेदनेतच बसतं ना?

बेळगावहून: हो, तिथं 'संवेदना' अगदी बरोबर. आजीला कळ जाणवली, ती सांगतेय. कन्नडमधला 'करुळु' आणि आपलं 'आतडं', दोन्ही मायेच्या अर्थानंही येतात, तेही जाणिवेचंच. बेडकाच्या पाठात तो अर्थ आणू नका.

खानापूरहून: असं लिहिलंय: 'उदरातील इंद्रियांकडून मेंदूकडे संदेश नेणारे तंतू म्हणजे अभिवाही तंतू.'

निपाणीहून: 'मेंदूकडे'ऐवजी 'मेंदूकडे किंवा मेरुरज्जूकडे' करा. नाहीतर पृष्ठमूळाची वाट सुटते.