सोसायटीच्या इमारतीच्या दुरुस्तीचे पैसे: दरमहा साठवायचे की काम निघाल्यावर वर्गणी काढायची?

ओळंबा: गच्ची, टाकी, लिफ्ट, मुख्य पाईप यांच्यासाठी दरमहा पैसे बाजूला पडायलाच हवेत. वर्गणी गोळा होईपर्यंत काम थांबतं, पण गंज थांबत नाही. पाणी सळईपर्यंत पोचलं की गंज चढतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. आधी नुसती भेग भरून भागलं असतं. आता तोडफोड, सळई घासणं, पॉलिमर मॉर्टर (चिकट रसायन मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला), सगळं आलं.

हिशोब असा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आजचा खर्च १०० धरा. आयुष्य १० वर्षं, ४ संपली, आतापर्यंत साठलेले पैसे १५. उरलेले ८५ भागिले ७२ महिने, म्हणजे महिना १.१८. इथेच बहुतेकजण चुकतात! दरवाढ वर्षाला ६ टक्के धरली तर ६ वर्षांनी १०० चे १४२ होतात. मग महिना १.७६ लागतो (व्याज सोडून).

जिनापायरी: साफ अमान्य. मोठी शिल्लक दिसली की ती रंगाला आणि गेटला जाते. शिवाय आज भरणारा उद्या घर विकून गेला, तर त्याचे पैसे दुसऱ्याच्या कामी. आधी पाहणी, मग कामाच्या मोजमापांची यादी, त्याच यादीवर तीन दरपत्रकं, आणि मगच वर्गणी.

ओळंबा: विकून जाणाऱ्याच्या काळात गच्ची झिजलीच ना? त्या झिजेचेच पैसे त्याने भरले. रंगाचा मुद्दा मात्र मान्य. त्यासाठी वेगळं खातं, दोन सह्या, आणि सभेच्या ठरावाशिवाय एक पैसाही निघणार नाही असा नियम हवा.

मोजपट्टी: वाटणीचं कोणीच बोलत नाही. गळती फक्त वरच्या मजल्यावर दिसते म्हणून खर्च त्यांच्याच माथी मारणं चूक आहे, छप्पर साऱ्या इमारतीचं असतं. माझ्या मते इमारतीच्या सांगाड्याचा खर्च क्षेत्रफळाप्रमाणे, लिफ्ट-पंपाचा घरटी समान.

जिनापायरी: तळमजल्याने लिफ्टचे समान पैसे का द्यावेत? आणि निधी असो वा वर्गणी, ठेकेदाराला सगळे पैसे एकदम दिले की काम फसतंच. गच्चीचा उतार १०० ला १ आहे का ते तपासा. पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडाभोवती आणि कठड्याच्या सांध्यात मसाल्याची गोलाई नीट भरली का ते बघा, गळती बहुतेक तिथूनच होते. तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवा, खालच्या छताला ओल आली नाही तरच पुढचा हप्ता. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा उलटल्यावर.

ओळंबा: हप्त्यांचं शंभर टक्के पटलं. पण तेही ठरलेल्या दिवशी द्यावे लागतात. चार घरांची वर्गणी अडकली की ठेकेदार अर्धी उघडी गच्ची सोडून जातो, आणि वरून पाऊस.