बी विंगच्या पार्किंगमधले प्रशिक्षण

ए-१०४: नमस्कार. आज सकाळी बी विंगच्या पार्किंगमध्ये जे पाहिले, ते ग्रुपवर मांडावे की नाही, याचा दिवसभर विचार करत होते. ब्रूनोला शिकवायला येणाऱ्या गृहस्थांनी त्याला मानेला धरून फरशीवर उताणे पाडले आणि त्याची धडपड थांबेपर्यंत गुडघ्याखाली दाबून ठेवले. त्याची शेपटी पोटाशी गेली होती, कान मागे चिकटले होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता आणि तो सारखे ओठ चाटत होता. माझी मुलगी शेजारीच उभी होती, ती रडू लागली. तक्रार करायची नाही, परंतु याला प्रशिक्षण म्हणायचे का?

बी-३०२: वहिनी, मुलीला त्रास झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र आमची अडचणही समजून घ्यावी. गेल्या महिन्यात ब्रूनो खात असताना आमचा धाकटा जवळ गेला, तेव्हा तो त्याच्यावर गुरगुरला. प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की तो स्वतःला घराचा म्होरक्या समजू लागला आहे. लांडग्यांच्या कळपात म्होरक्या इतरांना असेच जमिनीवर लोळवून आपला अधिकार दाखवतो, तसेच आपणही करायचे. पंधरा दिवसांत त्याचे गुरगुरणे पूर्ण बंद झाले आहे. परिणाम समोर दिसत असताना पद्धत चुकीची कशी म्हणावी?

सी-२०१: दादा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या आधीच्या कुत्र्यालाही आम्ही अशाच एका प्रशिक्षकाच्या हाती दिले होते. गुरगुरला की पट्ट्याला हिसका, पुन्हा गुरगुरला की जमिनीवर दाबणे. दोन महिन्यांत तो अगदी ‘शहाणा’ झाला. मग एके दुपारी माझी मावशी त्याला कुरवाळायला वाकली आणि त्याने चकार आवाज न काढता तिच्या मनगटाचा चावा घेतला. तो अचानक चावला, असे आम्ही सर्वांना सांगत राहिलो. वास्तविक वाकलेल्या मावशीकडे पाहून त्याने जांभई दिली होती आणि तोंड दुसरीकडे वळवले होते. नको म्हणण्याचे तेवढेच मार्ग आम्ही त्याच्याकडे शिल्लक ठेवले होते आणि ते वाचण्याची अक्कल आम्हाला नव्हती. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. शिक्षेने सूचना बंद होते, तिच्यामागची भीती जिथल्या तिथे राहते.

आता लांडग्यांविषयी. म्होरक्याची ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासातून रुजली. त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण केले होते. कोंडलेल्या जागेत, निघून जाण्याची सोय नसलेल्या लांडग्यांत ज्या मारामाऱ्या झाल्या, त्यांनाच सगळ्या लांडग्यांचा स्वभाव मानले गेले. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वदूर पोहोचली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समेअर बेटावर १९८६ पासून अनेक उन्हाळे रानातल्या लांडग्यांच्या सहवासात काढले आणि १९९९ मध्ये लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते आणि ज्यांना आपण म्होरके म्हणतो ते केवळ आईवडील असतात. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, असा आग्रह त्यांनी स्वतःच प्रकाशकाकडे धरला, हे मला विशेष वाटते. शिवाय दबणारा लांडगा उताणा होतो तो आपणहून; त्याला कोणी धरून पाडत नाही.

डी-५०४: हे सर्व वाचायला छान आहे. आमच्या घरी चार कुत्री होऊन गेली, नुसती काठी दाखवली की जागेवर बसत. मोठ्या जातीच्या कुत्र्याला धाक हवाच, नाहीतर तो डोक्यावर बसतो.

सी-२०१: काका, कुत्री काठीला घाबरत, हे मी नाकारत नाही. घाबरलेला प्राणी उद्या काय करील, एवढाच माझा प्रश्न आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० कुत्रामालकांना विचारून एक पाहणी प्रसिद्ध केली. मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय करणाऱ्यांपैकी ४३ टक्के, तर कुत्र्याला उताणे पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी सांगितले, की कुत्रा उलट अंगावर आला. नुसते डोळे वटारणाऱ्यांतही हे प्रमाण ३० टक्के होते. ही मंडळी कुत्र्याच्या वागणुकीची अडचण घेऊनच तिथे आली होती, त्यामुळे हे आकडे सरसकट सर्व कुत्र्यांना लावू नयेत. पण ब्रूनो त्याच गटात मोडतो.

बी-१०१: सी-२०१ यांच्याशी सहमत आहे. पशुवैद्य म्हणून दोन गोष्टी जोडते. ब्रूनोच्या गळ्यात आतून दाते असलेला साखळीचा पट्टा मी लिफ्टमध्ये पाहिला. पट्ट्याला ओढ बसली की गळा आणि श्वासनलिका दाबली जाते; डोळ्यातला दाबही वाढतो. छातीवर बसणाऱ्या हार्नेसने तसे होत नाही. दुसरे म्हणजे, मूल दिसले की मानेला चिमटा बसतो, असे चार वेळा झाले तर ‘मी गुरगुरलो म्हणून दुखले’ असा हिशोब कुत्रा मांडीलच असे नाही. ‘हे मूल आले की दुखते’ एवढेच त्याच्या मनात बसण्याचा धोका असतो. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्यामांजरांसाठी बेकायदा आहेत, हेही प्रशिक्षकांना सांगावे, कारण पुढची पायरी पुष्कळदा तीच असते. आणि त्याचे दात, कान व सांधे कोणी तपासले आहेत का? एरवी गरीब असलेला कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला, तर आधी दुखणे शोधावे, स्वभावाचा विचार नंतर.

बी-३०२: डॉक्टर, तपासणी केलेली नाही, हे मान्य करतो. एक विचारायचे आहे. हल्ली धाकटा जवळून गेला, की ब्रूनो तोंड वाटीतच ठेवतो, पण खाणे थांबवतो आणि मुलगा पुढे जाईपर्यंत दगडासारखा स्थिर राहतो. प्रशिक्षक म्हणाले, तो आता मुलाचा मान राखू लागला आहे.

बी-१०१: तो मान नव्हे. अंग ताठ करून थिजणे ही चावण्याच्या अगदी अलीकडची पायरी आहे. आज रात्रीपासून ब्रूनोला बंद खोलीत एकट्याने खाऊ द्यावे आणि मुलाला त्या वेळी तिकडे फिरकू देऊ नये. पुढे मोठ्या माणसाने वाटीपासून चार पावले लांब उभे राहून त्याच्या अधिक आवडीचा तुकडा वाटीत टाकायचा आणि मागे फिरायचे. तो निवांत दिसला तरच अंतर थोडे कमी करायचे. याला आठवडे लागतात आणि मुलाला यात इतक्यात घ्यायचे नाही. उद्या दहा वाजता त्याला घेऊन या, मी दात पाहते. पट्टा आत्ताच काढून ठेवा, माझ्याकडे जुना हार्नेस आहे, तो घेऊन मी वर येते.