डब्याला सगळे ५ स्टार देतात आणि पुढच्या महिन्यात बंद करतात, नक्की ऐकायचं कुणाचं?

कर्वेनगरची_डबेवाली

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला आमचा डब्याचा व्यवसाय आहे, मी आणि सासूबाई मिळून बघतो, पोळ्यांना दोन बायका आहेत आणि डबे पोचवायला दोन पोरं. रोजचे सत्तर-ऐंशी डबे, निम्मे इथलेच कर्वेनगर-वारज्यातले विद्यार्थी आणि निम्मे बावधन, पाषाण, बाणेर बाजूचे नोकरीवाले. नवऱ्याच्या सांगण्यावरून दिवाळीनंतर गूगल फॉर्म सुरू केला, महिनाअखेरीला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. चव, प्रमाण, स्वच्छता, वेळ, सगळ्याला ५ पैकी स्टार द्यायचे आणि खाली 'काही सूचना?' असा रकाना.

आता गंमत बघा, वीसेक जण भरतात आणि सगळे ४ नाहीतर ५ देतात. आणि त्यातलेच दोन-तीन पुढच्या महिन्यात 'काकू, डबा थांबवा, गावाला चाललोय' म्हणतात आणि मग तेच गावाला गेलेले महाशय आठवड्याने आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या मेसच्या बाहेर उभे दिसतात. 😐

सूचनांचं तर विचारूच नका. एक म्हणतो तेल कमी करा, दुसरा म्हणतो तर्री दिसत नाही, एकाला आमटीत गूळ नको, एकाला भेंडी नको, एकीने पनीर आठवड्यातून तीनदा मागितलंय, आहे त्याच पैशात. सासूबाई म्हणतात फॉर्म बंद कर, ज्याला आवडतं तो जेवतो. नवरा म्हणतो गूगलवर ५ स्टार रिव्ह्यू देईल त्याला रविवारी दोन गुलाबजाम फुकट द्यायचे म्हणजे नवीन गिऱ्हाईक येईल. मला दोन्ही पटत नाहीये. तुमच्यापैकी कुणी धंद्यात असं गिऱ्हाइकांचं म्हणणं ऐकून खरंच काही सुधारलंय का आणि कसं ते सांगा प्लीज.

---

सदाशिवपेठी_आगाऊ

सोपं आहे, पाटी लावा. 'डब्याबद्दल तक्रार असल्यास डबा रिकामा करून, धुवून, मग करावी.'

गंमत सोडा, पण लोक तोंडावर बोलत नसले तरी मागे भरपूर बोलतात. १ ते ४ दुकान बंद यावर अख्ख्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षं पुण्यावर विनोद केले, तोही फीडबॅकच होता की. शेवटी चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. तुमच्या डब्यावर पोरांच्या ग्रुपमध्ये काय जोक चालतात ते काढा शोधून.

---

लातूरचा_पाहुणा

ताई मी नवी पेठेत राहून एमपीएससी करतोय, मेसची सगळी पीएचडी झालीये त्यामुळे बोलतो. फॉर्म भरताना आम्ही काय विचार करतो माहितीये का, की काकूंना नंबर दिसत असणार, उद्या परत त्यांच्याकडूनच जेवायचंय, कशाला वाईट व्हायचं, दाबा ५. आणि घरच्यांनी पण शिकवलंय की ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. त्यामुळे 'गावाला चाललोय' हे आमचं राष्ट्रीय कारण आहे, त्यावर विश्वास ठेवत जाऊ नका.

खरा फीडबॅक तुमच्याकडे रोज संध्याकाळी येतो, परत आलेल्या डब्यात. माझ्या आधीच्या मेसवाल्या मावशी डबे घासायला टाकायच्या आधी प्रत्येक उघडून बघायच्या. वरचा कप्पा चाटूनपुसून आणि खालच्या कप्प्यात दुधीची भाजी तशीच, असे पाच-सहा डबे दिसले की पुढच्या आठवड्यात दुधी गायब नाहीतर त्याचे मुठिये व्हायचे. कुणाला काही विचारलं नाही त्यांनी कधी. तुम्ही नुसतं एका वहीत लिहा, आज काय भाजी होती, किती डब्यांत उरली, पोळी किती आल्या परत. पोळी परत येते का बघा खास करून, भाजी आवडली नाही तर माणूस लोणच्याबरोबर पण पोळी खातो, पोळीच परत आली म्हणजे मामला गंभीर आहे.

आणि अजून एक, खाडे कापता का? आमच्यातले निम्मे लोक चवीवरून नाही तर खाड्यावरून मेस सोडतात. शनिवार-रविवार गावी गेलो आणि आधी सांगूनही पैसे कापले नाहीत की डोकं फिरतं राव. तुमच्या फॉर्ममध्ये चव आहे, स्वच्छता आहे, पण खाड्याचा प्रश्नच नाहीये. म्हणजे तुम्ही जे विचारलं त्याचंच उत्तर मिळणार.

---

प्रॉडक्टवाला_हिंजवडी

वरच्या भाऊंनी एकदम मुद्द्याचं लिहिलंय. मी सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम करतो, लोकांना अ‍ॅपबद्दल काय वाटतं ते गोळा करायचं आणि त्यातून पुढे काय बनवायचं ते ठरवायचं, तर दोन-तीन गोष्टी सांगतो.

स्टारचा आकडा सोडून द्या. आमच्याकडे एनपीएस म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर नावाचं प्रकरण असतं, फ्रेड रायकहेल्ड नावाच्या माणसाने २००३ मध्ये आणलेलं. ० ते १० मध्ये तुम्ही आम्हाला किती रेकमेंड कराल असं विचारायचं, ९-१० वाले आपले चाहते, ७-८ वाले मधले, ० ते ६ वाले नाराज, आणि चाहत्यांच्या टक्क्यातून नाराजांचे टक्के वजा करायचे. मोठ्या कंपन्या ह्याच्यावर बोनस ठरवतात. पण तुमचा फॉर्म वीस जण भरतात, त्यात एक माणूस ९ वरून ६ वर आला तर स्कोअर एकदम १० ने खाली येतो, कारण इकडचे ५ टक्के गेले आणि तिकडे ५ वाढले. त्या दिवशी त्याचं बॉसशी भांडण झालं असेल एवढंच. तेव्हा इतक्या कमी लोकांत आकडे बघून काहीच कळत नाही, बोलूनच कळतं.

आणि बोलायचं कुणाशी, तर जे सोडून गेले त्यांच्याशी. तुमचा फॉर्म जातो राहिलेल्यांना, म्हणजे ज्यांना चालतंय त्यांनाच तुम्ही विचारताय की चालतंय का. सोडून गेलेल्याला आता तुमच्याकडे जेवायचं नाहीये, त्यामुळे तो मोकळं बोलतो. फोन करा, परत या वगैरे अजिबात म्हणू नका नाहीतर तो लगेच सावध होतो. 'डबा कसा होता' हेही विचारू नका, त्याचं उत्तर 'छान होता' हेच येणार. विचारायचं, बंद करायचं पहिल्यांदा मनात कधी आलं, त्या दिवशी काय झालं होतं? आता कुठे जेवता आणि तिथलं काय बरं वाटतं? घडलेलं विचारा, मत विचारू नका.

पनीरवालीचं पण तेच. आठवड्यातून तीनदा पनीर देऊ का असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? १९८५ मध्ये कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना नवीन चव पाजून विचारलं होतं, जास्त लोकांनी नवीनच पसंत केली, म्हणून जुनी बंद करून नवीन आणली आणि एवढी बोंबाबोंब झाली की ७९ दिवसांत जुनी परत आणायची वेळ आली. विचारताना त्यांनी हे नीट विचारलंच नव्हतं की जुनी मिळणारच नाही, मग चालेल का. तुम्ही पनीरचं विचारणार असाल तर सोबत हे पण विचारा की त्याचे महिन्याला तीनशे जास्त पडतील, देणार का. उत्तरं आपोआप गाळून येतील.

---

कर्वेनगरची_डबेवाली

बापरे, एवढं सगळं. थँक्यू सगळ्यांना. प्रॉडक्टवाले दादा, तुमचं वाचून आत्ता वही काढून बसले आणि गेल्या तीन-चार महिन्यांत कोण कोण गेलं त्यांच्या नावापुढे पत्ता लिहिला. कर्वेनगर-वारज्यातले अगदी थोडे आहेत, ते पण परीक्षा संपून खरंच घरी गेलेले. बाकी जवळजवळ सगळे बाणेर आणि पाषाणचे! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं कारण मी सगळे एकत्रच मोजत होते.

आज दोघांना फोन केला. एक उचलला नाही, दुसरी मुलगी छान बोलली. म्हणाली काकू भाजी घरच्यासारखी असायची पण पोळी दुपारी वातड व्हायची, दातांनी ओढावी लागायची, ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर लाज वाटायची. तेच पीठ, त्याच बायका, इकडच्या मुलांची पोळीबद्दल एक तक्रार नाही. आता ह्याला काय करू? पिठात तेल-दूध वाढवून बघू का?

खाडे दोन दिवस सलग असतील तरच कापतो आम्ही, एका दिवसाचा नाही.

---

रिटायर्ड_क्यूसी

पीठ बदलू नका, थांबा जरा. मी चिंचवडला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, सगळी हयात गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तपासण्यात गेली. तक्रार आली की नवीन पोरं लगेच मशीनचं सेटिंग फिरवायची, आणि मग जो चांगला माल निघत होता तोही बिघडायचा. तुमचं तेच होईल, तेल वाढवाल आणि वारज्याची पोरं म्हणतील पोळ्या तेलकट झाल्या.

टोयोटामध्ये पद्धत आहे, एखादी गडबड झाली की 'का' असं पाच वेळा विचारायचं. चार वेळा विचारून सापडलं तरी हरकत नाही, पाच हा काही मुहूर्त नाही. तुमच्याच बाबतीत करून बघू. बाणेरची पोळी वातड का? बहुतेक करून ती खाईपर्यंत फार वेळ डब्यात राहते. का राहते? डबा लवकर भरला जातो. लवकर का भरतात? पोरगा निघतो लवकर. लवकर का निघतो? हे तुम्ही सांगायचं. माझा अंदाज असा की एकच पोरगा आधी वारजे करतो, मग चांदणी चौकातून बावधन, पाषाण आणि बाणेर सगळ्यात शेवटी, म्हणून सगळ्याच पोळ्या सकाळी सव्वादहा-साडेदहाला भरून तयार. आणि गरम पोळी डब्यात बंद केली की वाफेचं पाणी सुटतं, आधी ओलसर होते आणि गार झाली की चिवट. तसं असेल तर औषध पिठात नाही, रूटमध्ये आहे. लांबचे डबे शेवटी भरा, पोळी पाच मिनिटं जाळीवर पसरून वाफ जाऊ द्या आणि मग सुती फडक्यात गुंडाळून भरा. आणि दोन पोरं आहेत ना, मग एकाला थेट बाणेरला पाठवा. खर्च थोडा पेट्रोलचा.

हे सगळीकडे एकदम करू नका. आठवडाभर फक्त बाणेरच्या दहा डब्यांना करा, राहिलेले तसेच ठेवा, आणि दोन्हीकडच्या परत आलेल्या पोळ्या मोजा. लातूरकरांनी सांगितलेली वही इथे कामाला येईल.

दुसरं, खाड्याबद्दल. जपानमध्ये नोरिआकी कानो म्हणून क्वालिटीतले मोठे प्राध्यापक, त्यांनी १९८४ मध्ये मांडलं की काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही पण नसल्या की गिऱ्हाईक उठून जातं. डबा वेळेवर येणं, जेवणात केस नसणं, खाड्याचा हिशोब चोख असणं ह्या त्यातल्या. ह्याला कुणी ५ स्टार देणार नाही, म्हणून फॉर्ममध्ये दिसणारही नाही. याउलट रविवारी अचानक पुरणपोळी आली तर लोक फोटो काढून टाकतील, पण पुरणपोळी देऊन खाड्याचा राग जात नाही. आधी पाया नीट करा. आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तर एका दिवसाचाही खाडा कापू असं जाहीर करून टाका. तुमचं धान्य-भाजी त्या हिशोबाने कमी आणता येते, म्हणजे फार नुकसान पण नाही.

तेल आणि गुळाचं म्हणाल तर तिकडे लक्ष देऊ नका. एक इकडे ओढतो, एक तिकडे, तो चवीचा प्रश्न आहे, दोष नाही. तुमच्या सासूबाईंची आमटी गोड असते म्हणूनच काहीजण तुमच्याकडे असतील. एकच तक्रार वेगवेगळ्या पाच तोंडांतून आली तरच हात घाला.

---

जागरूक_ग्राहक_४११०३८

गुलाबजामवाली आयडिया कृपया सोडून द्या. पैसे किंवा वस्तू देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांतच बसत नाही, सापडलं तर रिव्ह्यू उडवतात. सरकारनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० नावाचं स्टँडर्ड काढलंय, ते ऐच्छिक आहे आणि मुख्यतः रिव्ह्यू छापणाऱ्या साइट्ससाठी आहे, पण विकत घेतलेले रिव्ह्यू नकोत हे त्यातही आहे. आणि कायद्याचं जाऊ द्या, तुम्हीच विचार करा, गुलाबजामासाठी दिलेल्या ५ स्टारमधून तुम्हाला पोळी वातड आहे हे कधी कळलं असतं? ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये ह्याच पुण्यात सुरू झाली, इथला ग्राहक वाचतो आणि ओळखतो सगळं.

वाईट रिव्ह्यू आलाच तर खाली भांडू नका, काय केलं तेवढं लिहा. 'पोळीची तक्रार बरोबर होती, बाणेरची वेळ बदलली' असं एक वाक्य मालकाने लिहिलेलं दिसलं की मी तरी तिथे ऑर्डर देऊन बघतो.

---

कर्वेनगरची_डबेवाली

काका, रूटचा अंदाज बरोब्बर आहे तुमचा!! दोन्ही पोरं मिळून आधी वारजे आटपतात कारण तिकडे डबे जास्त, आणि मग एकजण पुढे बाणेरला. सोमवारपासून थेट पाठवून बघते. पोळ्यावाल्या मावशींना अर्धा तास उशिरा बोलावलं तर त्यांना दुसरं घर गाठायचं असतं ती एक अडचण आहे, बोलून बघते त्यांच्याशी. खाड्याचं सासूबाईंना पटवणं हे जास्त अवघड काम आहे, त्यांचं म्हणणं सवय लावली की रोज रात्री मेसेज येतील.

---

बाणेरची_भुक्कड

येऊ देत ना मेसेज, निदान कळेल तरी माणूस जिवंत आहे 😄 मी गेल्या वर्षात बरेच डबे बदललेत आणि एकानेही, बंद का केला, असं विचारलं नाही, पैसे बाकी आहेत का एवढंच विचारलं. ताई, तो फॉर्म ठेवायचाच असेल तर एकच प्रश्न ठेवा, आज डब्यातलं काय टाकलं? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवा म्हणा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभं राहून आठ प्रश्नांना स्टार कोण देत बसणार.

आणि सोमवारी ते थेट येणारं पोरगं बाणेरला किती वाजता पोचतंय ते इथे नक्की टाका. साडेबाराच्या आत येत असेल तर मला आणि माझ्या टीममधल्या दोघींना हवाय डबा, तीन पोळ्यांचा काय रेट आहे?